हशाचे चित्रीकरण होते काय?

नाटकाचा बोलपट झाला की आपल्याकडे ताबडतोब दोन पक्ष तयार होतात. एक पक्ष म्हणतो, मूळ नाटकाची सर नाही. दुसरा म्हणतो, जे नाटक चार शहरांपलीकडे गेले नसते ते आता गावोगाव पोचले, हे काय थोडे झाले? दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते आणि म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही. तो मिटविण्याचा आव मी आणीत नाही. परंतु या वादात एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या खेळात धड कथानकच नाही, गाणे, नाच, नक्कल आणि थट्टा यांची मोकळी गुंफण हाच ज्याचा जीव, आणि समोर बसलेला प्रेक्षक हा ज्यातला अर्धा नट, अशा खेळाचे पडद्यावर काय होते? कथा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतता येते. हशा कसा ओतणार?

पाश्चात्त्य रंगभूमीवर अशा खेळास ‘रिव्ह्यू’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका प्रतिशब्द नाही. पण ज्याने तमाशातली बतावणी पाहिली आहे, सोंगाड्या आणि मावशी यांची सवालजबाबी ऐकली आहे, त्याला ही जात ओळखण्यास अडचण पडू नये. अमेरिकेत ‘हेल्झापॉपिन’ नावाचा असा एक रिव्ह्यू होऊन गेला. तो रंगभूमीवर अफाट चालला आणि मग त्याचा बोलपट झाला. ही हकीकत आपल्या नाट्यवेड्यांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. कारण तिच्यात यश आणि अपयश दोन्ही एकाच बोलपटात शेजारी शेजारी बसलेले दिसते.

ओली ऑल्सन आणि चिक जॉन्सन ही विनोदी नटांची जोडी. १९१४ पासून ते दोघे एकत्र काम करीत होते आणि गावोगावच्या व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर, म्हणजे फुटकळ करमणुकीच्या खेळांत, त्यांची उमेदवारी झाली होती. दोन तपांच्या या फिरतीत जमलेले विनोद, चेष्टा आणि खोड्या एकत्र करून त्यांनी २२ सप्टेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हा खेळ लावला. गाण्यांना चाली सॅमी फेन यांच्या होत्या. वृत्तपत्रांतील बहुतेक टीकाकारांनी नाके मुरडली. वॉल्टर विंचेल या एका बड्या स्तंभलेखकाने मात्र खेळ उचलून धरला आणि लोकांची रीघ लागली. डिसेंबर १९४१ मध्ये तो थांबला तेव्हा त्याचे १,४०४ प्रयोग झाले होते. तोपर्यंत ब्रॉडवेवर कोणत्याही संगीत खेळाने एवढी मजल मारली नव्हती.

या खेळात असे होते तरी काय? सांगू जावे तर हाती काही लागत नाही. पडदा उघडण्याच्या सुमारास एक खोटा वार्तापट दाखवीत आणि त्यात हिटलर यहुदी धाटणीची इंग्रजी बोलत असे. पुढे एखादे गाणे रंगात आले की प्रेक्षागृहातून एक बाई “ऑस्कर! ऑस्कर!” अशा हाका मारीत फिरे. एक माणूस कुंडीतले रोप घेऊन कोणा बाईचा पत्ता विचारीत येई; दर वेळी रोप मोठे झालेले असे, आणि खेळ सुटल्यावर लोक बाहेर पडत तो हा गृहस्थ दारातच भल्या मोठ्या झाडावर बसलेला दिसे. खुर्च्यांच्या रांगांतून कोणी दुसऱ्याच नाटकाची तिकिटे विकू लागे. दिवे मालवून अंगावर रबरी साप आणि कोळी टाकले जात. आपल्या शेजारी बसलेला गृहस्थ प्रेक्षक आहे की त्यांच्यातलाच एक, याचा भरवसा नसे.

हे सारे कागदावर लिहिले की पोरकट वाटते. टीकाकारांना ते पोरकट वाटले याचे कारण कदाचित तेच असावे. त्यांनी खेळ वहीत उतरवून घेतला आणि वहीत तो मावला नाही. या खेळातला खरा विनोद रोपाचा नव्हता, बाईच्या हाकांचाही नव्हता. ‘आपण इकडे, ते तिकडे’ हा जो प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यातला अलिखित करार, तो क्षणोक्षणी मोडला जात होता, त्याचा तो हशा होता. हा करार मोडावयाचा तर दोन्ही पक्ष एकाच छपराखाली हजर पाहिजेत.

आपल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. गण झाला, गौळण आली, पेंद्याने मावशीची वाट अडविली, की तो पेंद्या मथुरेच्या बाजाराबद्दल बोलत आहे की परवाच्या भाववाढीबद्दल, हे बैठकीतल्या प्रत्येकाला कळते. वसंत सबनीस यांनी तमाशाचा हाच गुण हेरून ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला. १९६५ पासून ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने दादा कोंडके यांनी तो रंगमंचावर गाजविला. संहिता तीच; पण आजच्या वर्तमानपत्रातली बातमी आजच्या प्रयोगात हजर, आणि उद्याच्या प्रयोगाला ती शिळी म्हणून बाद. ज्याने दोनदा पाहिले त्याने दोन खेळ पाहिले. असा खेळ पुस्तकात छापता येतो, पण पुस्तकात तो असतो असे म्हणवत नाही. मग फिल्मवर छापला तर तो तेथे असतो काय?

हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीने ‘हेल्झापॉपिन’चा बोलपट करावयाचे ठरविले तेव्हा तिच्यापुढे नेमका हाच प्रश्न होता. दोन सोपे मार्ग समोर होते. पहिला मार्ग असा, की रंगमंचासमोर कॅमेरा मांडावा आणि जे घडते ते टिपून घ्यावे. पण मग हाका मारणारी बाई कोणाच्या अंगावरून जाणार? बोलपटाच्या प्रेक्षकाला ती दुसऱ्याच कोणाच्या तरी रांगेतून जाताना दिसणार. म्हणजे दुसऱ्याची झालेली चेष्टा आपण लांबून पाहावयाची. दुसरा मार्ग असा, की खेळाला एक कथा शिवावी, त्यात एक तरुण, एक तरुणी, थोडे गैरसमज आणि शेवटी मीलन घालावे, आणि मधल्या जागेत विनोद पेरावे. कंपनीने दुसरा मार्ग धरला. मूळ खेळातली गाणी बाजूला ठेवून डॉन रे आणि जीन डी पॉल यांच्याकडून नवी करून घेतली. एच. सी. पॉटर यांनी दिग्दर्शन केले आणि मूळ खेळ थांबला त्याच महिन्यात, डिसेंबर १९४१ मध्ये, हा ८४ मिनिटांचा बोलपट लोकांसमोर आला.

येथवरची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, झाले, विषय संपला. धंदेवाल्यांनी माती केली. पण गंमत पुढेच आहे. या बोलपटाने आपल्यावर झालेली सक्तीच थट्टेचा विषय केली. सुरुवातीला नरकाचा देखावा, भुते, आरडाओरडा. त्या गोंधळात एक टॅक्सी येते आणि ऑल्सन-जॉन्सन उतरतात. काही वेळाने ते थेट पडद्यातून, बोलपट दाखविणाऱ्या यंत्रचालकालाच हाक मारतात आणि फिल्म मागे फिरवावयास सांगतात. मग चित्रातलाच दिग्दर्शक पुढे येतो आणि कथेवाचून चित्र होत नाही म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालतो. त्याच्याबरोबर बोलत हे दोघे एका सेटवरून दुसऱ्या सेटवर चालत जातात आणि सेट बदलेल तसा त्यांचा पोशाख आपोआप बदलत जातो.

पुढे तर यंत्रच बिघडते. पडद्यावरची चौकट घसरते आणि माणसांचे पाय वर, डोकी खाली अशी त्यांची दोन शकले होतात. मधल्या काळ्या रेघेशी झटापट करीत ते यंत्रचालकाच्या नावाने ओरडतात. एक प्रेमगीत ऐन भरात असताना पडद्यावर सूचनेची पाटी येते, की स्टिंकी मिलर नावाच्या मुलाने ताबडतोब घरी जावे. गाणारी जोडी दुर्लक्ष करते. पाटी पुन्हा येते. शेवटी नायक-नायिकाच गाणे थांबवून त्या मुलाला बजावतात आणि पडद्याच्या खालच्या कडेशी एका पोराची सावली उठून निघून जाताना दिसते.

माझा सारा मुद्दा या सावलीत आहे. रंगमंचावर ऑस्करला हाका मारणारी बाई होती; बोलपटवाल्यांनी तिची नक्कल न करता तिने केलेले काम ओळखले. तिचे काम होते प्रेक्षागृहाची शांतता मोडणे. बोलपटाच्या प्रेक्षागृहात शांतता कशाने मोडते? फिल्म तुटते, चौकट सरकते, ‘डॉक्टर अमुक असतील तेथून बाहेर यावे’ अशी पाटी झळकते, पुढचा माणूस उठून पडद्यावर सावली पाडतो. आपल्या जुन्या थिएटरांत बसलेल्या पिढीला यातली एकही गोष्ट नवी नाही. हे सारे बोलपटाचे खास घरचे गोंधळ. ते उचलून त्यांनी विनोद केला, म्हणून तो आजही जिवंत वाटतो. खेळ रंगमंचावरून पडद्यावर आला तो असा: शब्दांनी आला नाही, गाण्यांनी आला नाही, खोडीने आला.

आणि जेथे ही खोडी नाही तेथे काय होते, तेही याच बोलपटात पाहावे. नाटक बसविणारा गरीब नायक, श्रीमंत घरची नायिका, नायकाचा श्रीमंत मित्र तिचाच उमेदवार, म्हणून नायकाने मन मारणे. ही सगळी सोय कथेसाठी केलेली आहे आणि ती सुरू झाली की प्रेक्षक घड्याळ पाहू लागतो. मार्था रे, ह्यू हर्बर्ट, मिशा आउअर ही मंडळी मध्येच येऊन थोडा जीव ओततात, पण कथा पुन्हा चालू झाली की पुन्हा तेच. कथेची अखेर मात्र विचार करण्यासारखी आहे. नायकाचे भले व्हावे या गैरसमजातून ऑल्सन-जॉन्सन त्याने बसविलेल्या नीटस खेळाचा ऐन प्रयोगात सत्यानाश करतात. आणि तो सत्यानाश पाहून ब्रॉडवेचा निर्माता खूष होतो, हाच खेळ मला हवा म्हणतो. कथा ज्यांच्या गळ्यात बांधली त्यांनी कथेच्याच तोंडून सांगून टाकले, की आमची खरी करामत नीटस गोष्टीत नाही.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो लटका नाही. ज्यांना न्यूयॉर्कचे तिकीट परवडत नव्हते त्यांनी हा खेळ कोठे पाहावयाचा? बोलपट झाला नसता तर १,४०४ प्रयोगांतले आज काय उरले असते? जाहिराती, काही छायाचित्रे, म्हाताऱ्यांच्या आठवणी. शिवाय ‘तो खेळ रंगमंचावरच पाहावा’ असे म्हणणे सोपे. रंगमंचावर तो पुन्हा उभा राहतोच असे नाही. १९७६-७७ मध्ये जेरी लुइस या गाजलेल्या विनोदी नटाला घेऊन ‘हेल्झापॉपिन’ नव्याने बसविण्यात आला. ब्रॉडवेवर पोचण्यापूर्वीच तो गुंडाळावा लागला. म्हणजे नाव तेच, रंगमंच खराखुरा, प्रेक्षक हजर, तरीही जमले नाही. कारण दोन तपे एकत्र फिरलेली ती जोडी आणि तो काळ परत आणणे कोणाच्या हाती नव्हते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जुने खेळ जपून ठेवण्याच्या कामी फिल्मचे उपकार आहेत आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण जपून ठेवणे म्हणजे काय, हेही हाच बोलपट शिकवितो. त्यात एक नाच आहे. कथेशी त्याचा काही संबंध नाही. बंगल्यावरची नोकरमाणसे, म्हणजे आचारी, मोलकरणी, कामगार, अशा वेषातले कृष्णवर्णी कलावंत एका निवांत क्षणी वाद्ये हाती घेतात. स्लिम गेलार्ड आणि स्लॅम स्ट्यूअर्ट वाजवू लागतात आणि पाठोपाठ हार्लेमचे नर्तक ‘लिंडी हॉप’ हे नृत्य सुरू करतात. जोडीदारीण हवेत भिरकावली जाते, पाठीवरून पलीकडे उतरते, आणि पाय तालाला चुकत नाहीत. काही मिनिटांत सारे संपते आणि ही मंडळी पुन्हा चित्रात फारशी दिसत नाहीत. त्या काळच्या अमेरिकेत त्यांना नायक-नायिकेच्या कथेत जागा मिळणे शक्यच नव्हते. नोकरांच्या पोशाखातच त्यांना पडद्यावर येऊ दिले गेले. आज मात्र हा बोलपट जगभर ओळखला जातो तो प्रामुख्याने या नाचासाठी. ज्यांच्यासाठी कथा रचली त्यांची नावे शोधावी लागतात. ज्यांना कथेबाहेर ठेवले त्यांचे पाऊल लोकांना पाठ आहे.

हा नाच बसविला होता फ्रँकी मॅनिंग यांनी, आणि ते स्वतः त्यात नाचलेही होते. युद्धानंतर त्या नृत्याचा बहर ओसरला आणि मॅनिंग यांनी पोस्टात नोकरी धरली. तेथे त्यांची कितीतरी वर्षे गेली. १९८० नंतर तरुण नर्तकांना या नृत्याची पुन्हा ओढ लागली. ही जुनी फिल्म त्यांनी घासून घासून पाहिली. पण फिल्म पाहून त्यांचे समाधान झाले नाही. ते जुन्या नर्तकांना शोधत आले. मॅनिंग त्या वेळी सत्तरीच्या घरात होते. त्यांनी पुन्हा पायांत बूट चढविले आणि २००९ साली निधन होईपर्यंत देशोदेशी जाऊन हे नृत्य शिकविले. फिल्मने पाऊल दाखविले. ते कसे टाकावयाचे हे माणसाने माणसाला शिकविले. फिल्म नसती तर हा शोध इतक्या जोमाने सुरू झाला नसता. मॅनिंग नसते तर तो अर्ध्यावरच थांबला असता.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडेही रंगभूमीवरचा दिग्गज कलावंत पडद्यावर नेण्याचे प्रयोग फार पूर्वी झाले आहेत. बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, पुढे १९३७ मध्ये ‘अमृतसिद्धी’ नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ हा बोलपट निघाला. ज्यांच्या एका पदाला रंगमंचावर पुनःपुन्हा वन्समोअर पडावयाचा, त्यांच्यासमोर आता कॅमेरा होता; आणि कॅमेऱ्याकडून वन्समोअर येत नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले, यात नवल ते काय!

याउलट कोंडके आणि सबनीस यांनी काय केले पाहा. ‘विच्छा’ इतका गाजलेला असताना कोंडके यांनी स्वतःची पहिली निर्मिती म्हणून तोच वग पडद्यावर उतरविला नाही. सबनीसांनी नवी कथा लिहिली आणि १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला. रंगमंचावरचा चतुर हजरजबाबी हवालदार येथे भोळा खेडुत झाला; तमाशा पाहावयास गेला आणि तमाशाचाच होऊन बसला. लोकनाट्यात प्रेक्षक अर्धा नट असतो असे वर म्हटले. ‘सोंगाड्या’त त्या प्रेक्षकालाच उचलून नायक केले. हे त्यांनी शास्त्र म्हणून केले की सहजबुद्धीने, ते कोणास ठाऊक. पण वाट बिनचूक सापडली. पडद्याला बैठकीतला माणूस देता येत नाही, तर बैठकीतल्या माणसाचीच गोष्ट सांगू, असा तो हिशेब होता. स्टिंकी मिलरची सावली आणि नाम्या सोंगाड्या यांचे नाते मला फार जवळचे वाटते.

तेव्हा लोकनाट्याचा, प्रहसनाचा किंवा नुसत्या गाण्या-नकलांच्या खेळाचा चित्रपट काढू पाहणाऱ्यांना सांगावेसे वाटते ते एवढेच: आधी संहिता हाती घेऊ नका. शेवटच्या रांगेत बसून चार प्रयोग पाहा. लोक कोणत्या शब्दाला हसले ते लिहून घेऊ नका. त्या क्षणी रंगमंच आणि लोक यांच्यात काय घडले ते पाहा. तीच खोडी पडद्याच्या भाषेत काढता आली तर चित्रपट काढा. नाही आली, तर प्रेमकथेचे ठिगळ लावून वेळ मारून नेऊ नका. ते ठिगळच आधी उसवते.

आणि दोन शब्द आपल्यालाही, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या मराठी मंडळींना. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांसारख्या संस्थानी शहरांत एके काळी नाटकमंडळींचे मुक्काम पडत, तेव्हा मराठी हशा आपल्या दारी येत होता. आता नाटक-कंपन्यांचे दौरे विरळ झाले आणि चित्रित केलेली नाटके घरबसल्या, हातातल्या यंत्रावर दिसू लागली. ही सोय मोठी आहे. नातवंडांना भाषेचा कान राहतो तो पुष्कळदा तिच्याचमुळे. पण त्या चित्रणात जो हशा ऐकू येतो तो पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांचा असतो. आपण दुसऱ्याच्या हशावर हसत असतो. पेंद्या ज्या गावच्या रस्त्यांची टिंगल करतो तो गाव आपला नसतो आणि ज्या पुढाऱ्याला कोपरखळी मारतो तो आपल्या वॉर्डातला नसतो.

आपल्या शहरातल्या रस्त्यांवर, आपल्या मराठी-हिंदी-गुजरातीच्या मिसळीवर, आपल्याच मंडळाच्या न संपणाऱ्या बैठकांवर थट्टा करावयाची तर ती येथलाच कोणी हौशी नट करील, आणि तीही समोर आपण बसलो असलो तरच. गणेशोत्सवात उभी राहणारी हौशी मंडळींची बतावणी कच्ची असेल, ध्वनिक्षेपक मध्येच शिटी मारील, पेटीवाला एक पट्टी वर चढेल. तरीही त्या संध्याकाळी खुर्ची रिकामी ठेवू नये. चांगल्या नाटकाचे चित्रण सवडीने केव्हाही पाहता येते. या खेळाला मात्र त्या दिवशी, त्या वेळी, आपण हजर असावे लागते. आपण गेलो नाही तर उद्या चित्रित करावयास सुद्धा काही उरणार नाही.